विसण

आंघोळीच्या पाण्यात हात घालून बघायचं नाही, कोपर घालायचं, हे मला सासूबाईंनी शिकवलं. लेक तेव्हा दीड महिन्यांची होती. "हात कामाने निबर झालेले असतात, त्यांना काय कळतंय?" म्हणत त्यांनी बादलीत कोपर बुडवलं, क्षणभर थांबल्या आणि तांब्याभर विसण घातलं. पुन्हा कोपर. मग आणखी अर्धा तांब्या. कढत पाणी अंगाला सोसवेल इतकं करायला जे गार पाणी घालतात ते विसण. घरोघरी गिझर आले तसा हा शब्द विरत गेला, पण आमच्याकडे तो अजून रोज सकाळी ऐकू येतो. थर्मामीटर तेव्हाही घरात होता, पण तो तापासाठी. पाण्याला कोपर.

पुढे तेरा-चौदा वर्षांनी घरात फिश टँक आला आणि मी तेच कोपर घेऊन माशांच्या संसारात शिरले.

टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. लेकीचा हट्ट. सहा निऑन टेट्रा, चार गप्पी आणि काच साफ ठेवतो म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला एक सकर. जूनमध्ये आणले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, सगळं छान चाललं होतं. डिसेंबर संपता संपता नाशिकची थंडी उतरली आणि एका सकाळी बघते तर सगळे मासे तळाशी. गप्पींनी पर मिटून घेतलेले, निऑनचा तो विजेसारखा निळा पट्टा धुतलेल्या साडीच्या काठासारखा फिका. टाकलेलं खाणं वर तसंच तरंगत होतं. सासूबाई चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "गारठलेत गं ते. आपल्याला दोन-दोन गोधड्या लागतायत, त्यांना काय?"

मी पातेलंभर पाणी कढत केलं आणि टाकीत ओतलं, थोडं थोडं, माशांपासून लांब. उलटं विसण म्हणा. मग कोपर घालून बघितलं. बरं वाटलं. अर्ध्या तासात गप्पी वर आले, मी स्वतःवर खूश. संध्याकाळी पुन्हा एक पातेलं, सकाळी पुन्हा एक. सहाव्या दिवशी निऑनच्या शेपटीवर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके दिसले.

मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, 'व्हाइट स्पॉट' म्हटलं की तो पहिला प्रश्न करतो, "पाण्याचं तापमान किती आहे?" मला फोनवर विचारला गेला तेव्हा मी म्हणाले, "कोमट आहे." पलीकडे थोडी शांतता पसरली.

कोमट. आपल्या भाषेत पाण्याच्या ऊबेला किती शब्द आहेत बघा. थंडगार, गार, कोमट, ऊन, कडकडीत, कढत. सगळे शब्द आपल्या अंगावरून बेतलेले आहेत. आपल्या कातडीचं तापमान साधारण बत्तीस-तेहतीस अंश, त्याच्या वरचं ते ऊन, खालचं ते गार. निऑन टेट्रा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला २३ ते २६ अंश मानवतं. गप्पीलाही २४-२६ बरं. म्हणजे माशाला जे पाणी अगदी हवं तसं असतं ते आपल्या हाताला गारच लागतं. आणि ज्या पाण्याला माझ्या कोपराने "बरं" म्हटलं, ते माशांच्या दृष्टीने वैशाखातलं दुपारचं पाणी होतं. त्यात थंडीने गारठलेला हात आणखी फसवतो. शाळेत सगळ्यांनी तो प्रयोग केलेला असतो: एक हात गार पाण्यात, एक ऊन पाण्यात, मग दोन्ही हात एकाच साध्या पाण्यात. एक हात म्हणतो ऊन, दुसरा म्हणतो गार. तो प्रयोग मीही केला होता, पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं, आणि तीस वर्षांनी त्याच हातावर भरवसा ठेवून मोकळी झाले.

माशाचं रक्त पाण्याच्या तापमानाने चालतं. आपल्यासारखी आतली शेगडी त्याच्याकडे नाही. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते, रोगाशी झुंजण्याची ताकद मंदावते. हे हळूहळू झालं तर तो बराच काळ निभावून नेतो. मी मात्र दिवसातून दोनदा त्याला गारठ्यातून उकाड्यात आणि उकाड्यातून गारठ्यात ढकलत होते. थंडीने मासे सुस्तावले होते, आजारी त्यांना माझ्या पातेल्यांनी पाडलं. पांढऱ्या ठिपक्यांचा तो परजीवी अशाच दमलेल्या माशावर नेम धरून असतो. ठिपका कातडीच्या आत असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो पिकून खाली पडतो, फुटतो, त्यातून निघालेली पिल्लं पाण्यात नवा मासा शोधत पोहत असतात, तेवढ्याच काळात औषधाची मात्रा लागू पडते. म्हणून पाणी हळूहळू ऊन करायचं, म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं आणि तो औषधाच्या तावडीत सापडतो. हे सगळं करायला हीटर लागतो. पातेलं नाही.

तर मी हीटर आणायला गेले.

दुकानदाराने काउंटरखालून एक लांब खोका काढला. "दोनशे वॉटचा घ्या मॅडम, लवकर गरम होतं." टाकी केवढी, ती कुठे ठेवलीय, रात्री खोली किती गार पडते, यातलं काही त्याने विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. मी थर्मामीटरचं विचारलं. "कशाला? यावरच आकडे आहेत की." खरंच होते. वरच्या टोकाला फिरवायची टोपी, तिच्यावर २०, २२, २४ असं करत ३४ पर्यंत. मी टोपी २५ वर आणली, वायर भिंतीत खोचली, लाल दिवा लागला. तासाभरात मासे वर. ठिपके पंधरा दिवसांत गेले. एक निऑन दगावला, त्याच्या जागी दुसरा आणला. मला वाटलं, सुटला प्रश्न.

तो हिवाळा बिनघोर गेला. मार्चमध्ये हीटर काढून ठेवला, नोव्हेंबरात परत लावला. पुढच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळी सहाला मी तिळाचा वास घेत स्वयंपाकघरातून बाहेर आले तर टाकीच्या काचांवर आतून दव. दिव्याच्या उजेडात मासे वर तरंगताना दिसले. सकर तेवढा पृष्ठभागाशी तोंड नेऊन हवा गिळत होता. त्या जातीला पाण्यातला प्राणवायू पुरेनासा झाला की वरची हवा पोटात घेता येते. तोही दुपारपर्यंतच टिकला.

मी बटण बंद केलं. सासूबाई आल्या आणि सवयीने पदर सावरून पाण्यात कोपर घातलं.

"छान झालंय की गं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं, हे तर आंघोळीचं पाणी झालंय."

लेक काही बोलली नाही. तिने वर्तमानपत्राचा चौकोन केला, मासे त्यात गुंडाळले आणि जास्वंदीच्या कुंडीशेजारी खड्डा केला. त्या दिवशी गुळाचा पाक कुणी केला, लाडू कुणी वळले, मला आठवत नाही.

दोन दिवसांनी तो हीटर टॉवेलवर ठेवून उघडला. मला यंत्रं उघडून बघायची खोड आहे, आणि राग आलेला असला की जास्तच. वरचं रबरी बूच पिळून काढलं, काचेच्या नळीतून आतला सांगाडा बाहेर ओढला. खाली चिनी मातीची पांढरी दांडी, तिच्यावर नायक्रोमची तार पीळ देऊन गुंडाळलेली. वर एक पातळ पट्टी. हीच ती द्विधातू पट्टी. इस्त्रीत असते, जुन्या गिझरात असते. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना पाठीशी जोडलेले, तापल्यावर एक जास्त वाढतो, एक कमी, म्हणून पट्टी वाकते. वाकली की टोकाचा ठिपका समोरच्या ठिपक्यापासून सुटतो, वीज तुटते, दिवा विझतो. गार झाली की सरळ होते, ठिपके पुन्हा भिडतात. त्यांनी चाचरत न भिडता पटकन 'टक' करून भिडावं म्हणून शेजारी तिळाएवढं लोहचुंबकसुद्धा बसवलेलं असतं. हुशारीचं काम आहे, आणि स्वस्त. पण दर वेळी भिडताना-सुटताना तिथे बारीक ठिणगी पडते, आणि हजारो ठिणग्यांनंतर एखाद्या रात्री ते ठिपके एकमेकांना वितळून चिकटतात. माझ्या हीटरचे तसेच झाले होते. काळवंडलेले, मोहरीएवढे. सुईच्या टोकाने ढोसलं तर 'टिक' करून सुटले. इतक्या सहज.

टोपीवरचा बाण शेवटपर्यंत पंचविसावरच होता. हे मी बराच वेळ बघत बसले. टोपीवरचा आकडा ही आपली मागणी. ती पोचली का, पाळली गेली का, हे सांगायला दुसरं कुणीतरी लागतं, ज्याचा त्या हीटरशी काही संबंध नाही असं. पंधरा वर्षं मी सहकारी बँकेत रोखीचा हिशेब पाहिला. पैसे मोजणारा आणि ताळा करणारा एक असू नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरात मात्र मी दोन्ही किल्ल्या एकाच्याच हाती देऊन निजले होते.

मग लेक आणि मी जेवणाच्या टेबलावर गणित मांडलं. ती तेव्हा नववीत, विशिष्ट उष्मा नुकताच शिकवून झालेला. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४२०० ज्यूल. आमच्या टाकीत रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वगळून ४५ लिटर पाणी. म्हणजे एका अंशाला १,८९,००० ज्यूल. दोनशे वॉटचा हीटर सेकंदाला २०० ज्यूल देतो, म्हणजे सोळा मिनिटांत एक अंश. काचेतून, वरून जी ऊब निसटते ती धरली तरी पंचविसाचे चाळीस व्हायला एक रात्र पुष्कळ झाली. "आणि पन्नास वॉटचा असता तर?" लेकीने स्वतःच भाग दिला. एका अंशाला त्रेसष्ट मिनिटं. शिवाय पाणी जसं खोलीपेक्षा ऊन होत जातं तशी काचेतून जास्त ऊब निसटते, त्यामुळे पन्नास वॉटचा हीटर अडकून रात्रभर पेटत राहिला तरी खोलीपेक्षा आठ-दहा अंश वर जाऊन थकतो. आमच्या हॉलमध्ये थंडीत पहाटे सोळा-सतरा अंश असतात. म्हणजे पाणी सव्वीस-सत्तावीस. मासे चहा पिऊन बसले असते.

लेकीने पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे जेवढा कमजोर, तेवढा बरा." अगदी तसंच नाही, पण पन्नास लिटरच्या टाकीला दोनशे वॉट हे चूल पेटवायला रॉकेलचा डबा ओतण्यासारखं आहे. साधा हिशेब लिटरला एक वॉट. खोली फार गार पडत असेल तर थोडं वर, मुंबई-कोकणात त्याहून खाली, आणि तिथे बऱ्याच घरांत हीटर लागतच नाही. मोठी टाकी असेल, शंभर-दीडशे लिटरची, तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत, दोन टोकांना. एक पेटेनासा झाला तर दुसरा पाणी पार गारठू देत नाही. एक अडकून पेटत राहिला तर त्याच्या एकट्याच्याने टाकी उकळत नाही. खर्चाचं म्हणाल तर ५० वॉटचा हीटर दिवसातले बारा तास पेटला तरी पाऊण युनिटसुद्धा होत नाही. हा हिशेब मी नवऱ्यासाठी केला होता. त्याने विचारलं नव्हतं, पण विचारणार होता.

हीटर कुठल्या जातीचा, यावर मासेवाल्यांत जी भांडणं चालतात त्यात मी पडत नाही. काचेचा फुटतो, प्लास्टिकच्या कवचातला फुटत नाही, टायटॅनियमचा मोठ्या टाकीला नि दांडग्या माशांना, एवढं पुरे. फुटण्याचं मात्र कारण बहुतेक वेळा आपणच असतो. पाणी बदलताना पातळी खाली जाते, हीटर अर्धा उघडा पडतो आणि तसाच पेटत राहतो. मग वरून गार पाणी ओतलं की काच 'टच्' म्हणते. म्हणून पाणी काढायच्या आधी प्लग काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं हीटर पाण्यातच निवू द्यायचा. नवा लावतानाही आधी तेवढाच वेळ पाण्यात ठेवून मग चालू करायचा. हात घालायचा असेल तेव्हा आधी प्लग बाहेर. वायर प्लगकडे जाताना खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटात न जाता जमिनीवर पडतो. आणि घराच्या बोर्डात विजेची गळती पकडून पुरवठा तोडणारं ते ईएलसीबी नसेल तर माशांच्या आधी त्याचा खर्च करा. पाणी आणि वीज एका खोक्यात ठेवण्याची हौस आपली, त्याची तरतूदही आपणच करायची.

थर्मामीटरची गंमत वेगळीच. पहिल्यांदा मी घरातलाच, तापाचा, टाकीत धरून पाहिला. तो ३५ च्या खाली काही बोलतच नाही. माशाला ताप आलाय का तेवढं सांगू शकला असता. मग बाजारातून तीन आणले, कारण आता मला एकावर विश्वास राहिला नव्हता. एक बाहेरून काचेला चिकटवायची काळी पट्टी, तिच्यात तापमानाप्रमाणे रंग बदलणारे द्रवस्फटिक असतात आणि खरा आकडा हिरवा उजळतो. एक काचेचा, लाल दारूचा, रबरी चोखणीने आतून चिकटणारा. एक डिजिटल, वायरीच्या टोकाला शेंगेएवढा संवेदक. तिघांनाही एकाच पाण्याशी गाठ घालून दिली. पट्टी म्हणाली २३. लाल दारू म्हणाली २५. डिजिटल म्हणाला २६.४, आणि तो दशांश इतक्या ठामपणे दाखवत होता की खोटं असेल असं वाटेच ना.

एक घड्याळ असलेल्या माणसाला वेळ माहीत असते, तीन असलेल्याला नसते, तशी माझी गत.

ताळा करायला बर्फ लागतो. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरायचा, फटी बुजतील एवढंच गार पाणी घालायचं, ढवळायचं, पाच मिनिटं थांबायचं. त्या लगद्याचं तापमान शून्य, नाशकातही शून्य आणि मुंबईतही शून्य. उकळत्या पाण्याचा ताळा मात्र आपल्याकडे फसतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. शिवाय टाकीतला लाल दारूचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घातला तर ताळा होतो तो नळीचा. बर्फात डिजिटलने १.३ दाखवलं. म्हणजे तो सव्वा अंश पुढे होता. मी त्याच्यावर खोडरबराएवढी चिकटपट्टी लावून 'वजा १.३' असं लिहून टाकलं. आमच्या लाल दारूवाल्याच्या पट्टीवर शून्य नव्हतंच, त्याचे आकडे दहापासून सुरू, पण त्याची डिजिटलशी गाठ बसली. खोटारडी निघाली ती काळी पट्टी, आणि तिचीही चूक नाही. ती पाणी मोजत नाही, काच मोजते. अर्धं पाण्याचं ऐकते, अर्धं खोलीचं. थंडीत दोन अंश खाली सांगते, उन्हाळ्यात वर. दाराच्या बाजूला असेल तर आणखी तऱ्हा. लांबून एक नजर टाकायला ठीक आहे. ऑनलाइन मिळणारी ती कपाळावर रोखायची बंदूकही पाण्यावर धरली तर नुसता पृष्ठभाग सांगते.

आपण ज्या शतांश पट्टीवर हे सगळं मोजतो ती मांडणाऱ्या सेल्सियसने १७४२ मध्ये ती उलटी मांडली होती: उकळतं पाणी शून्य आणि गोठणारं शंभर. तो गेल्यावर ती सरळ करण्यात आली. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरोबरच होतं त्याचं. थंडी वाढते म्हटल्यावर आकडा वाढायला नको?" याच्यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

आकडा कुठून घ्यायचा, हेही शिकावं लागलं. पहिले काही दिवस मी थर्मामीटर हीटरच्या शेजारीच लावला होता, बघायला सोयीचं म्हणून. तो सुखात होता. दुसऱ्या टोकाला, जिथे मासे निजतात, तिथे दोन अंश कमी. आता हीटर फिल्टरच्या धारेत आडवा आहे, रेतीपासून दोन बोटं वर, म्हणजे ऊन पाणी वाहून नेलं जातं. आणि थर्मामीटर सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. तिथे पंचवीस असेल तर सगळीकडे पंचवीस आहे.

आणि हीटरच्या वर आता एक मुकादम बसवलाय: बाहेरचा तापमान-नियंत्रक, एसटीसी-१००० नावाचा, काळ्या डबीतला, लाल आकड्यांचा. हीटरची स्वतःची टोपी सत्तावीसवर, मुकादमाची वेस पंचवीसवर. रोजची उघडझाप मुकादम करतो, हीटरची पट्टी निवांत राहते, आणि मुकादम अडकला तर सत्तावीसला हीटर स्वतः सुटतो. यातही एक गोम आहे. मुकादमाचा संवेदक टाकीतून निसटून बाहेर लोंबला तर तो खोलीची थंडी मोजतो आणि हीटर पेटता ठेवतो. म्हणून तो नुसत्या चोखणीच्या भरवशावर सोडला नाही, दोऱ्याने फिल्टरच्या नळीला बांधलाय. दोरा संक्रांतीच्या पतंगाचा.

वीज गेली की यातलं काही कामाचं नाही. पण पाणी तापायला जसं हट्टी, तसंच निवायलाही. टाकीच्या मागे नि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावलाय, वर काच. तीन तास वीज नसली तरी दोनेक अंशच उतरतात. जास्त वेळ गेली तर जुनी चादर. पाण्याचा हा गुण आमच्या थोरल्या भाऊजींना माझ्या आधीपासून ठाऊक आहे. त्यांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रात चार-पाच अंश छापून येतो, त्या रात्री ते झोपत नाहीत. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात आणि पहाटे ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊन असतं, तेवढाच मुळांना आधार. पिकायला लागून पाणी उतरत आलेले मणी गारठ्याने तडकले तर वर्ष गेलं. पूर्वी अशा रात्री त्यांचा फोन आला की सासूबाई एकच विचारायच्या, "तिकडे किती?" आता दोन्हीकडचं विचारतात. तिकडे सहा, टाकीत पंचवीस. हे ऐकून भाऊजी एकदा म्हणाले, "वहिनी, माझ्या बागेला पण एक हीटर बघा की." मी म्हटलं, "लिटरला एक वॉट, बघा हिशेब करून."

उन्हाळ्यात हीटर कपाटात जातो, थर्मामीटर जागेवर राहतो. खरं तर तेव्हाच तो जास्त लागतो. एप्रिल-मेमध्ये टाकी बत्तीस अंशांना टेकते. पाणी जितकं ऊन, तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो; २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ ला सातच्याही खाली; आणि माशाची भूक मात्र त्याच वेळी वाढलेली. तेव्हा वरची काच काढून छोटा पंखा पाण्यावर सोडायचा. माठात होतं तेच होतं, दोन-तीन अंश उतरतात. पाणी रोज थोडं आटतं, तेवढं भरत राहायचं.

मासे पुन्हा आणले, पण सहा महिन्यांनी. लेक म्हणाली तेव्हाच. त्याआधी रिकाम्या टाकीत नवा हीटर, मुकादम आणि दोन थर्मामीटर महिनाभर चालवले. पाहुण्यांना नुसत्या पाण्याचं तापमान राखणारं घर बघून हसू यायचं. लेकीने एका जुन्या डायरीत सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहिले: २५.१, २४.९, २५.०, २५.२. इतकं कंटाळवाणं वाचन मला आयुष्यात इतकं आवडलेलं नाही.

या वर्षी जानेवारीत एका सकाळी न्हाणीघरातून सासूबाईंची हाक आली. गेले तर बादली भरलेली, वाफ येतेय आणि त्यांच्या हातात जास्तीचा तो डिजिटल थर्मामीटर, वायर मनगटाला गुंडाळलेली, संवेदक पाण्यात. चष्मा नव्हता.

"किती म्हणतोय बघ."

मी चिकटपट्टीवरचा आकडा वजा केला. "एक्केचाळीस."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग थर्मामीटर माझ्या हातात दिला, पदर खोचला, कोपर बुडवलं आणि म्हणाल्या, "अर्धा तांब्या विसण घाल."